मधल्या लेनचा सांधा

आमच्या घराचं पुढचं दार हिवाळ्यात कोणी वाजवत नाही. नोव्हेंबरात बर्फ साचायला लागला की त्या पायऱ्या साफ करणं आम्ही सोडून देतो. शेजारीपाजारी, टपालवाला, माझी बहीण, सगळे गॅरेजच्या बाजूनं येतात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बूट आपटतात आणि दार ढकलता ढकलताच बोलायला लागतात. त्यामुळे त्या गुरुवारी सकाळी पुढच्या दारावर टकटक झाली, तेव्हा छपरावरून बर्फ घसरला असेल असंच मला आधी वाटलं.

मी बटाटे सोलत होते. शनिवारी डेल टेशचा अंत्यविधी होता आणि त्यानंतर चर्चच्या तळघरात दीडशे माणसांचं जेवण. हॅमचे पाव शेजारच्या डॉरिसकडे, बटाट्याचं सॅलड माझ्याकडे. वीस पौंड बटाटे. नवरा दुधाचा टँकर घेऊन पहाटेच गेला होता. रेडिओवर शाळा दोन तास उशिरा भरणार असल्याचं सांगत होते, आणि म्हातारी कुत्री ओव्हनच्या दाराला पाठ लावून घोरत होती.

पुन्हा टकटक झाली. तीनदा, मोजून मारल्यासारखी.

ते दार उघडायचं म्हणजे एक कामच. फटीत कोंबलेला टॉवेल काढला, वरची कडी सरकवली, खांद्यानं धक्का दिला. बाहेर ऑर्व्हिल टेश उभे होते. डेलचे वडील. एका हातात फावडं, दुसऱ्या बगलेत मी मंगळवारी त्यांच्याकडे नेलेलं नूडल्सचं भांडं, घासूनपुसून लख्ख. आणि त्यांच्या मागे माझ्या पायऱ्या रस्त्यापर्यंत मोकळ्या झालेल्या, दोन्ही कडा सुरीनं कापल्यासारख्या सरळ. पंच्याऐंशी वर्षांचा माणूस. घरात तीन दिवसांचं सुतक.

"अहो मिस्टर टेश! मागच्या दारानं यायचं ना! आणि या वयात फावडं कसलं मारताय?"

"मागचं दार शेजारधर्माचं," ते म्हणाले. "मी आज कामाला आलोय."

आत आले. बूट काढून चटईवर टाचेला टाच लावून ठेवले. कॉफी दिली, ती दोन्ही हातांत धरून बसले, प्यायले नाहीत. मी पुन्हा सोलणं हातात घेतलं. आमच्याकडे माणसाला बोलायला वेळ लागणार असेल तर समोरच्यानं हाताला काम ठेवावं. नुसतं तोंडाकडे बघत बसलं की तो हवापाण्यावर बोलून निघून जातो.

"नॅडीन," ते म्हणाले, "अठ्ठ्याहत्तरची वही तुझ्याकडेच आहे ना?"

"शर्यतींची? आहे की. सगळ्याच आहेत."

"पास्टर आज एक वाजता ती मागायला येणार आहे. शनिवारी चर्चमध्ये त्याला डेलची ती नोंद वाचून दाखवायची आहे. काल फोनवर म्हणाला, याच्याहून चांगली गोष्ट मला सुचत नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "पास्टरच्या आधी मला बघू दे. ती नोंद खोटी आहे, पोरी."

मी सुरी खाली ठेवली. ती नोंद मीच लिहिलेली होती.

*

आमच्या लिंडन फॉल्समध्ये ती गोष्ट ठाऊक नाही असा माणूस नाही. गोष्ट ठाऊक आहे म्हणजे ऑर्व्हिल टेश ठाऊक आहेत. बहुतेकांना त्यांच्याबद्दल तेवढंच ठाऊक आहे.

ते ओतकाम कारखान्यात साचे करणारे सुतार होते. पंप, झडपा, यंत्रांचे पाय, जे काही लोखंडात ओतायचं ते आधी ऑर्व्हिल लाकडात करणार. त्यांच्या खिशात एक पितळी पट्टी असायची. तिच्यावरचा इंच बाकीच्या जगाच्या इंचापेक्षा केसभर मोठा होता, कारण लोखंड निवताना आकसतं आणि साचा तेवढा मोठा करावा लागतो. लहानपणी आम्हाला वाटायचं की टेशकडे मापं वेगळी असतात. तसं ते खरंच होतं.

सहासष्ट साली चर्चनं मुलांचं स्काउट पथक काढलं, तेव्हा लाकडी गाड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक त्यांनीच बांधला. बत्तीस फूट लांब, वर उंच, मग गोलाईनं खाली येऊन सपाट धावणारा. तीन लेन, प्रत्येक लेनच्या मधोमध बोटभर उंच पट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना चाकं टाकून गाडी घसरत यायची. पाच तुकडे बोल्टांनी जोडलेले. आणि त्यांनीच बांधला म्हणून पंचही तेच. बारा वर्षांत त्यांच्या निकालाला कोणी हरकत घेतली नव्हती.

जानेवारीत प्रत्येक मुलाला एक डबी मिळायची. तीत पाइनचा वीतभर ठोकळा, चार चाकं, चार खिळे. बाकी सगळं मुलानं करायचं. वजन पाच औंसांच्या आत, कमी पडलं तर पोटाखाली शिसं लावायचं. म्हणजे मुलानं करायचं असं पत्रकावर छापलेलं असायचं. फेब्रुवारीभर गावातल्या तळघरांतून रात्री आठ-आठ वाजेपर्यंत बापांच्या करवतींचे आवाज यायचे आणि मुलं वर टीव्ही बघत असायची. गाड्या शुक्रवारी जमा करताना वजनाच्या टेबलावर चेष्टा चालायची.

"काय रे, ही गाडी तू केलीस?"

"हो सर."

"मग बँडेज तुझ्या बाबांच्या अंगठ्याला कसं?"

किंवा काटा थोडा पुढे गेला की टेश गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "हिचा नाश्ता जरा जड झालाय. जा, खालून चिमूटभर शिसं खरवडून आण."

त्या वर्षी मी अकरा वर्षांची होते. माझा भाऊ ग्लेन दहाचा, डेलही दहाचा. मी मलाही डबी हवी म्हणून हट्ट धरला. मुलींना नव्हती. आई म्हणाली, "तू केक विकायच्या टेबलावर बस." मी कोट न घालता चर्चच्या मागे जाऊन रडत बसले. तिथे टेश आले. समजूत घालणं त्यांना कधी जमलं नाही. त्यांनी खिशातून एक वही आणि सुताराची चपटी पेन्सिल काढली आणि म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे असं मर्ना सांगते." मर्ना त्यांची बायको, आमची रविवारच्या शाळेची बाई. "कोण कुठल्या लेनमध्ये, कोण कितवा, मी सांगेन ते लिहायचं. लिहून ठेवलं नाही तर शर्यत झाली कशावरून?"

तेव्हापासून वह्या माझ्याकडे आहेत. पंचेचाळीस वर्षं. माझी मुलं त्या पथकात आली आणि गेली, मुलींनाही डब्या मिळायला लागल्या, लाकडी ट्रॅक जाऊन ॲल्युमिनियमचा आला, वेळ मोजणारं यंत्र आलं. तरी मी लिहिते.

डेलची गाडी त्या वर्षीची सगळ्यांत ओबडधोबड गाडी होती. गावातल्या सर्वांत हुशार सुताराचा मुलगा, आणि गाडी अशी की कुत्र्यानं चघळून टाकलेली वाटावी. बापानं हात लावायला नकार दिला होता. पंचानं कसा लावायचा? करवत दिली नाही, पॉलिश पेपर कुठला घ्यावा तेसुद्धा सांगितलं नाही. डेलनं चाकूनं ठोकळा तासला, घराच्या कुंपणाचा उरलेला हिरवा रंग फासला. पुढून बसकी, पोटाखाली शिशाची चकती. मुलं म्हणाली, "टेशचा बेडूक." डेल हसला आणि गाडीच्या नाकावर दोन डोळे काढून आला.

आणि बेडूक पळाला. शनिवारी दुपारी पाच फेऱ्या झाल्या, पाचही जिंकला. बाप उताराच्या पायथ्याशी हात मागे बांधून उभा. प्रत्येक फेरीनंतर त्याच एका सुरात सांगायचा, "पहिला, टेश." जसं काही टेश म्हणून दुसरंच कोणी गावात राहत असावं.

तळघरात तोवर दोनशे माणसं झाली होती. ओले कोट, ओले बूट, कॉफीच्या मोठ्या पिंपाची वाफ. खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळत होतं. अंतिम फेरीला चिठ्ठ्या टाकल्या. ग्लेन डावीकडे, डेल मधल्या लेनमध्ये, उजवीकडे दवाखान्यातल्या डॉक्टरांचा मुलगा. डेल त्या दिवशी मधल्या लेनमध्ये पहिल्यांदाच येत होता.

वरचा खटका पडून गाड्या सुटल्या. गोलाईपर्यंत बेडूक हातभर पुढे. उताराच्या पायथ्याशी, जिथे दोन तुकड्यांचा सांधा होता, तिथे तो उडाला. खट्ट आवाज आला, गाडी पट्टीवरून उसळली, बाजूला पडली, आणि एक चाक घरंगळत माझ्या टेबलाखाली आलं. ग्लेन जिंकला. माझी आई आनंदानं किंचाळली.

नियम साधा होता. दोष ट्रॅकचा असेल तर फेरी पुन्हा घ्यायची, गाडीचा असेल तर गाडी बाद. ठरवणार पंच.

डेल रडला नाही. सांध्याकडे बोट दाखवून म्हणाला, "पप्पा, इथे काहीतरी लागलं."

टेश वाकले. मधल्या लेनच्या पट्टीवर त्यांनी सांध्याच्या अलीकडून पलीकडे अंगठा फिरवला. मग पलीकडून अलीकडे. उभे राहिले, अंगठा पँटला पुसला आणि माझ्याकडे न बघता सांगितलं, "लिही. अंतिम फेरी. मधली लेन, टेश, ट्रॅक सोडला. गाडीचा दोष."

मी लिहिलं.

मग मागून कोणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच. ग्लेनसाठी म्हणून सुरू झालेल्या टाळ्या माझ्या डोळ्यांदेखत ऑर्व्हिल टेशकडे वळल्या. दूध संघाचा मॅनेजर त्यांचा हात धरून हलवत होता. "माणूस असावा तर असा! पोटच्या पोरालाही सवलत नाही!"

डेलनं माझ्या टेबलाखालून चाक उचललं. "लिहिलंस?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. मग तो खुर्च्या घडी करून भिंतीशी लावायला मदत करू लागला.

*

पुढच्या वर्षी शर्यतीआधी पथकप्रमुखांनी मुलांना समोर बसवून ती गोष्ट सांगितली. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. पथकप्रमुख बदलले, गोष्ट राहिली. 'आपल्या गावात एक पंच होते, आणि एकदा त्यांचाच मुलगा...' पथकाला पन्नास वर्षं झाली तेव्हा पुस्तिका निघाली, तीत मीच ती सुंदर करून लिहिली. 'न्यायाचा काटा' असं शीर्षकही दिलं. टेश दर वर्षी मागे भिंतीला टेकून, टोपी छातीशी धरून ऐकत उभे असायचे. आम्हाला वाटायचं, किती संकोची माणूस.

डेलनं पुन्हा डबी घेतली नाही. भांडण नाही, रुसवा नाही. अठरा पूर्ण झाल्यावर दुलुथला गेला आणि बंदरातल्या क्रेन दुरुस्त करू लागला. लग्न टिकलं नाही, मूलबाळ नव्हतं. थँक्सगिव्हिंगच्या सणाला यायचा, हरणांच्या शिकारीच्या हंगामात बापाबरोबर झाडावरच्या मचाणावर चार-चार तास बसायचा, आणि दर रविवारी सहा वाजता फोन करायचा. मर्ना असताना ती बोलायची. ती गेल्यावर बापलेक बोलायला लागले. मी एकदा त्यांच्याकडे सूप द्यायला गेले असताना तो फोन आला होता. टेश उभ्यानं बोलत होते.

"बर्फ किती पडला?"

पलीकडून काहीतरी.

"आमच्याकडे सहा इंच. गाडीचं तेल बदललंस?"

पलीकडून काहीतरी.

"बरं. बरं मग."

फोन ठेवला. "डेल," ते मला म्हणाले, आणि चेहरा असा उजळलेला की मला वाटलं, मी आले म्हणून लवकर आटोपलं असेल. नाही. तेवढाच असायचा फोन. दर रविवारी. मर्ना गेल्यापासून अठरा वर्षं.

*

वही आमच्या तळघरातल्या कपाटात होती, ग्लेननं त्या शर्यतीत जिंकलेल्या पितळी कपाच्या मागे. मी ती आणून त्यांच्यापुढे ठेवली. पान काढायला शोधावं लागलं नाही. पुस्तिकेसाठी फोटो काढताना घातलेली खूण अजून तिथेच होती. त्यांनी चष्मा बदलला. माझं अकरा वर्षांचं गोल गोल अक्षर, पेन्सिलीनं, अजून स्वच्छ.

त्यांनी त्या ओळीवर अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"सांध्यापाशी पट्टी वर आली होती," ते म्हणाले. "पोस्टकार्ड दोनदा दुमडलं तर जेवढं जाड होईल तेवढी. लोखंड किती आकसतं ते मला झोपेत विचारलं असतंस तरी सांगितलं असतं. आणि लाकूड माणसांच्या श्वासानं फुगतं, हे त्याच्याही आधी शिकलो. सकाळी सांधा ठीक होता. दुपारी तपासायला हवा होता. नाही तपासला."

"पण बाकीच्या गाड्या गेल्या ना त्याच्यावरून?"

"त्या उंच होत्या. डेलची बसकी होती. पण नियमात बसत होती. शुक्रवारी मीच मोजली होती, मीच आत घेतली होती. म्हणजे दोष ट्रॅकचा. वाद घालायलाही जागा नव्हती."

"मग?"

ते खिडकीतून स्वतः मोकळ्या केलेल्या पायऱ्यांकडे बघत राहिले.

"अंगठ्याला लागलं ना, त्या क्षणी मला एवढंच दिसलं की दोनशे माणसं बघताहेत. मी जर म्हटलं 'पुन्हा घ्या', तर म्हणणार, टेशनं ट्रॅक बांधला, टेश पंच, टेशचं पोरगं हरलं आणि टेशनं फेरी पुन्हा घेतली. दुसऱ्या कोणाचं पोर असतं तर अर्ध्या सेकंदात म्हटलं असतं. तुझा ग्लेन असता तरी."

"मी पाहिलं होतं," मी म्हणाले. हे मी कधी कोणाला बोलले नव्हते. स्वतःशीही नीट नाही. "तुमचा अंगठा दोनदा फिरला. ठीक असतं तर एकदाच फिरला असता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग लिहिलंस कशाला?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

"हं." ते हसल्यासारखे झाले. "तीच तर पंचाईत झाली माझी. सगळ्यांनीच ऐकलं."

कुत्री उठून त्यांच्या पायाशी येऊन बसली. मी त्यांची कॉफी ओतून नवी भरली. या वेळी ते प्यायले.

"सगळे गेल्यावर मी ट्रॅकचे तुकडे सुटे करायला थांबलो. मर्नाला म्हटलं, तू डेलला घेऊन पुढे हो. रंधा काढला आणि ती पट्टी तासून सपाट केली. तीन हात मारले असतील. पुढच्या मुलाला लागू नये म्हणून, असं मनाला सांगितलं. घरी गेल्यावर डेलला सांगू म्हटलं. घरी गेलो तर तो झोपला होता. मग म्हटलं सकाळी. मग म्हटलं उन्हाळ्यात, मासेमारीला जाऊ तेव्हा. मचाणावर कितीदा तोंड उघडलं असेल! तो म्हणायचा, 'काय पप्पा?' मी म्हणायचो, 'मागचा टायर गुळगुळीत झालाय तुझा.' बिचाऱ्यानं किती टायर बदलले असतील."

मला हसू आलं आणि ते आल्याबरोबर डोळे भरून आले. मी बटाट्यांच्या पातेल्याकडे वळले.

"तीन आठवड्यांपूर्वी दुलुथला गेलो, दवाखान्यात," ते पुढे म्हणाले. "डॉक्टरांनी मला फोनवर सांगितलं होतं, आता थोडेच दिवस. मी म्हटलं, आता नाही तर कधी. गाडीत बसल्यापासून सहा तास घोकत गेलो. खुर्ची ओढली, म्हटलं, डेल, त्या सांध्याबद्दल. तो म्हणाला, 'माहीत आहे पप्पा.' म्हटलं, काय माहीत आहे? म्हणाला, 'मी माझा एक हातमोजा तिथे विसरलो होतो. आईला गाडीत थांबवून मी परत आलो. जिन्यावरून दिसलं. तुम्ही रंधा मारत होतात.'"

स्वयंपाकघरात पाणी उकळायला लागलं होतं. मी गॅस बारीक केला.

"हातमोजा न घेताच परत गेला म्हणे. त्याला वाटलं, बाप स्वतः सांगेल. दुसऱ्या दिवशी रविवार, सकाळी पॅनकेक केले होते. तो वाट बघत बसला. आणि मी..." त्यांचा आवाज इतका वेळ एकसारखा होता, तो इथे गेला. त्यांनी तो परत यायची वाट बघितली. "मी विचारलं, 'अजून पाक हवा का?' ते त्याला आठवत होतं. पाकाचं. पंचेचाळीस वर्षं. हसत सांगत होता."

"त्यानं विचारलं का नाही तुम्हाला? एवढ्या वर्षांत?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, 'पंच तुम्ही होतात. निकाल बदलायचा तर तुम्हीच बदलणार ना.'"

टेबलावरच्या सालींचा ढीग मी उगीच एका बाजूला सारला.

"आणि दर वर्षी ती गोष्ट," ते म्हणाले. "पास्टर नवा आहे, त्याला कोणीतरी सांगितली, तो भारावलाय. शनिवारी डेल तिथे शवपेटीत असणार, आणि हा सांगणार की बघा, याचा बाप किती न्यायी होता. तुझ्या वहीतून वाचून. नाही, नॅडीन. जिवंतपणी त्यानं ती तीनदा तरी ऐकली असेल, खुर्च्यांत बसून. आता नाही ऐकवायची त्याला."

"पास्टरना सांगू या का, की वाचू नका म्हणून? मी फोन करते. कारण सांगायचीही गरज नाही."

"नको. वाचू दे, पण खरं ते. मला तेच हवंय."

मग माझ्या लक्षात आलं की या माणसानं पायऱ्या का साफ केल्या होत्या, पुढचं दार का वाजवलं होतं. मी म्हटलं, "मिस्टर टेश, सगळं चर्च भरलेलं असेल. दूध संघाची सगळी माणसं, पथकाची मुलं गणवेशात. तुमच्याबद्दल लोक काय म्हणतील..."

"लोक काय म्हणतात ते मी पंचेचाळीस वर्षं टोपी धरून ऐकलंय," ते म्हणाले. "एवढ्या वेळा कोणाला शिव्यासुद्धा ऐकाव्या लागत नाहीत. आणि ग्लेनला सांग, कप त्याचाच. तो काढून घ्यायला मी आलो नाही. पुन्हा घेतली असती तरी कदाचित तोच जिंकला असता. कोणाला माहीत." मग म्हणाले, "तेच तर. कोणालाच माहीत नाही. ते मी होऊच दिलं नाही."

ते उठले. बुटांपाशी जाऊन बसले, एक एक करून चढवले, नाड्या सावकाश बांधल्या. मी वही घेऊन त्यांच्यामागे दारापर्यंत गेले. दार उघडल्यावर थंडी आत आली. फावडं भिंतीला टेकवलेलं होतं, पात्यावरचा बर्फ गोठून काच झाला होता. त्यांनी टोपी घातली आणि फावडं उचललं.

"मी स्वतः उभा राहून बोललो असतो," ते म्हणाले, "पण मला माहीत आहे, तोंड उघडलं की मी टायरबद्दल बोलेन. म्हणून तुझ्याकडे आलो. एवढंच काम आहे. पास्टर यायच्या आधी ती ओळ दुरुस्त कर. 'गाडीचा दोष' खोड आणि तिथे 'ट्रॅकचा दोष' लिही. तुझ्या अक्षरात. या वेळी पेननं."